बडीशेपेत गेलेली सुभद्रा

देशातल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयात मी एक अख्खी दुपार परक्या माणसाचा हात धरून बसले होते. घाटनांदुरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं नाही, कारण तो हात विश्वनाथअप्पांचा होता.

अप्पांच्या किराणा दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान झालंय. परवा त्याचं उद्घाटन झालं. शेजारी म्हणून मला पेढे आले, प्लास्टिकच्या डबीत. डबी उघडली, पेढा खाल्ला आणि सवयीनं डबी उलटीपालटी करून बघितली. त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. अप्पांच्या दुकानातून आलेल्या वस्तूवर काही वाचायला नाही असं कधी झालं नव्हतं.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मधे एक भिंत, तीही अर्धी वीट. त्यांचं घर दुकानाच्या मागच्याच खोल्यांत. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हापासून अप्पा जसे होते तसेच शेवटपर्यंत राहिले. उंच, काटकुळे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि चष्म्याची एक काडी दुकानातल्या सुतळीनं बांधलेली. माझ्या दुकानात फेव्हिक्विक होतं. मी कितीदा म्हटलं, अप्पा, द्या इकडं, चिकटवून देते. ते म्हणायचे सुतळीला हिसका बसला तर सुतळी तुटते, कान वाचतो.

अप्पा रद्दी घ्यायचे. वर्तमानपत्रं नाही, पुस्तकं. अंबाजोगाईच्या रद्दीवाल्याकडून गोणीनं पुस्तकं आणायची आणि त्यांच्या पानांत जिरं, मोहरी, सुपारी बांधून द्यायची. यात नवल काही नाही, तेव्हा सगळेच वाणी तसं करायचे. पण अप्पांचा एक नियम होता. न वाचलेलं पान फाडायचं नाही. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी आधी पानाची ही बाजू वाचायची, उलटून ती बाजू वाचायची, मग उजव्या हाताचा अंगठा शिवणीवरून वरपासून खालपर्यंत दाबत न्यायचा आणि एका झटक्यात पान वेगळं करायचं. चर्र. त्या पानाचा शंकू करायचा, त्यात माल ओतायचा, वरून टोक दुमडायचं. हे सगळं हात करायचा. डोळे तोवर पुढच्या पानावर गेलेले असायचे.

गिऱ्हाईक कावायचं. "अप्पा, जिरं द्या ना, फोडणी जळायली."

"थांब, चोर सापडायलाय."

चोर सापडला की जिरं मिळायचं. घाई असलेली माणसं चार दुकानं सोडून पलीकडे जायची. बाकीची थांबायची, कारण चोराचं काय झालं ते अप्पा जिऱ्याबरोबर सांगायचे.

या पद्धतीचा परिणाम असा की अप्पांनी आयुष्यभर वाचलं आणि पुन्हा चाळून बघायला त्यांच्याजवळ एक पान राहिलं नाही. शिवाय गोणीतली पुस्तकं धड नसायचीच. कुणाला पुढचा भाग नाही, कुणाला मागचा. त्यामुळे अप्पांचं ज्ञान सगळं मधलं होतं. खोकल्यावर कोणता पाला उकळायचा ते त्यांना ठाऊक होतं, किती प्यायचा ते नव्हतं. "ते फुडच्या पानावर हुतं," असं ते प्रामाणिकपणे सांगायचे आणि रोग्याला सरकारी दवाखान्यात पाठवायचे.

मला एकदा त्यांनी कुकरमधल्या केकचं पान दिलं होतं, मुद्दाम राखून. नव्या सुनेला उपयोगी पडेल म्हणून. पान "आता कुकर गॅसवरून उतरवून लगेच" इथं संपत होतं. लगेच म्हणजे लगेच उघडायचा, आणखी काय, असं समजून मी उघडला. केक मधोमध खचला आणि सासूबाईंनी तो म्हशीला घातला. मी अप्पांकडे जाऊन भांडले. त्यांनी शांतपणे सांगितलं, पुढचं पान कुणी नेलं ते शोधावं लागंल. आठवड्यानं ते पान कासारांच्या घरी सापडलं. त्यावर पहिलेच शब्द होते, "उघडू नये."

आमच्या नानांची फजिती याहून मोठी. नाना म्हणजे गावातले बडे जमीनदार, पंचायत समितीवर होते. शाळेत भाषण करायचं होतं, तर अप्पांकडून काहीतरी इतिहासाचं घेऊन गेले. परदेशातल्या कुठल्याशा राजाविरुद्ध लोक कसे उठले याची चार पानं. नानांनी आवाज चढवत चढवत राजाला वाड्यातून बाहेर आणलं, गाडीत घातलं, पळवलं, सीमेजवळ पकडलं आणि थांबले. पोरं डोळे विस्फारून बघत होती. मास्तरांनी हळूच विचारलं, मग पुढं?

नानांनी मागच्या रांगेत बसलेल्या अप्पांकडे बोट केलं. "पुढलं यांना इचारा."

अप्पा उठून उभे राहिले. म्हणाले, "पुढलं चिवड्यात गेलं."

नाना पुढं कितीतरी दिवस अप्पांशी बोलले नाहीत. किराणा मात्र तिथूनच न्यायचे.

या सगळ्याला अप्पा हसायचे. पुस्तक अर्धं राहिलं याचं दुःख त्यांनी एकदाच केलं, आणि ती गोष्ट मी गावात येण्याच्या आधीची आहे. मला ती त्यांच्या बायकोनं सांगितली, शिवकांताकाकूंनी. मग अप्पांनी सांगितली. मग दोघांनी मिळून, एकमेकांना खोडत, इतक्या वेळा सांगितली की ती मला तोंडपाठ आहे.

तेव्हा दोघं तरुण होते. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं. काकू सुपात धान्य निवडत बसायच्या आणि अप्पा मोठ्यानं वाचायचे. काकूंना वाचता येत नव्हतं. अशाच एका गोणीतून एक कादंबरी निघाली. पुठ्ठा गेलेला, लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण प्रत्येक पानाच्या माथ्यावर नाव छापलेलं होतं, ओढ्यापलीकडची सुभद्रा. या पुस्तकापुरता अप्पांनी नियम बदलला. वाचलेलं पानही फाडलं नाही, कारण काकू म्हणायच्या कालचं परत वाचा. सुभद्रेचा नवरा संशयी होता. तो तिला मारायचा. एका पहाटे ती गाठोडं घेऊन ओढा ओलांडते, काठावर बैलगाडी उभी असते, ती गाडीत चढते आणि गाडीवान विचारतो, "बाई, कुठं न्यायचं?"

इथं आत गिऱ्हाईक आलं. अप्पांनी पुस्तक गल्ल्याशेजारी पालथं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा मालासाठी केजला बाजाराला गेले आणि दुकानावर काकू बसल्या. लग्नसराई होती, गर्दी उसळली. काकूंचा हात भरभर चालायचा, त्यांना मधे थांबून वाचायचं नव्हतं. गल्ल्याशेजारी पुस्तक होतं, ते त्यांनी घेतलं. माथ्यावर काय छापलंय ते त्यांना दिसत होतं, कळत नव्हतं. त्यांच्या लेखी सगळी पुस्तकं सारखीच. संध्याकाळी अप्पा आले तेव्हा सुभद्रा गावभर वाटली गेली होती.

अप्पा तसेच बाहेर पडले. घरोघर जाऊन पुड्या मागत फिरले. बरीच पानं चुलीत गेलेली. काही मिळाली, एक बडीशेपेच्या वासाचं, एक हळदीनं माखलेलं. हळदीच्या पानावर तोच प्रश्न होता, बाई, कुठं न्यायचं. त्यानंतरचं एकही पान मिळालं नाही. घरी येऊन ते काकूंना एवढंच म्हणाले, "सुभद्रा गेली. बडीशेपेत गेली."

काकूंना तोवर कळलंच नव्हतं आपण कोणाला फाडलं ते. ही आपलीच, रोज दुपारची सुभद्रा, हे कळल्यावर त्या सुपावर डोकं ठेवून रडल्या. अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं काकू म्हणायच्या.

तेव्हापासून काकूंना एक सवय लागली. पुडी बांधायला कोणताही कागद हातात घेतला की आधी विचारायचं, "फाडू का?" पुस्तकाचं पान असो, वर्तमानपत्र असो, माझ्या दुकानातली वाया गेलेली कोरी झेरॉक्स असो. अप्पा गल्ल्यावरून म्हणायचे, "फाड." मी शेजारच्या भिंतीतून दिवसभर हे ऐकायची. फाडू का. फाड. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं म्हाताऱ्यानं बाईला धाकात ठेवलंय. उलट होतं. त्या विचारायच्या थांबाव्यात म्हणून अप्पांनी कितीदा सांगून बघितलं, अगं कोरा हाय त्यो. काकू म्हणायच्या, मला काय कळतंय.

आणि अधूनमधून, डाळ निवडता निवडता, शेजारपाजारच्या लेकीसुनेबद्दल बोलावं तसं त्या म्हणायच्या, "त्या पोरीची गाडी कुठं गेली असंल वो?"

अप्पांनी बऱ्याच गोष्टी रचून सांगितल्या. सुभद्रा माहेरी गेली. सुभद्रा शिकून मास्तरीण झाली. सुभद्रा हैदराबादेला गेली आणि तिनं खाणावळ काढली. काकू ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तुमी बनवून सांगताय." कारण अप्पा खोटं बोलताना तराजूच्या काट्याकडे बघायचे, रिकाम्या तराजूच्या. एवढं मलाही दिसायचं.

काकूंच्या किडन्या गेल्या तेव्हा त्यांना डायलिसिसला अंबाजोगाईला न्यावं लागायचं, मग तेही झेपेना. लातूरला दिलेली त्यांची मुलगी कलावती येऊन राहिली. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा, काय हवं नको बघा. काय हवं असं विचारलं तर काकू काही मागत नव्हत्या. एकदा मी कपाळाला बाम लावत बसले होते, तर म्हणाल्या, "माय, मी लई काय वाईट न्हाई केलं. त्या पोरीला तेवढं अर्ध्यात सोडलं."

मी म्हटलं, काकू, ते पुस्तक होतं.

"आसंल," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

भिंतीपलीकडे दुकानात अप्पा ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शटर उघडायच्या आत, ते माझ्या दारात उभे. "मंगलबाई, तुमच्या त्या मशिनीत पुस्तक सापडतंय का?"

मी आधीही एकदोनदा शोधलं होतं, वरवर. त्या दिवशी दुकान बाजूला ठेवून बसले. अंबाजोगाई, संभाजीनगर, पुणे, जिथं जिथं मोठं ग्रंथालय आहे तिथल्या याद्या बघितल्या, फोन केले. कुणाकडे नव्हतं. शेवटी कलकत्त्याच्या यादीत नाव दिसलं. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत तिथं पाठवायची असा कायदा आहे, आणि कुठल्यातरी छापखान्यानं तो पाळला होता. पुस्तक घरी पाठवत नाहीत, तिथंच बसून वाचायचं, हे मी त्यांच्या दुकानात जाऊन सांगितलं.

अप्पांनी विचारलं, "कलकत्त्याला गाडी कुठून हाय?"

मी त्यांना सरळ सांगितलं की हे वेडेपण आहे. बायकोची ही अवस्था, तुमचं हे वय, दोन गाड्या बदलून जायचं. तुम्ही परत येईपर्यंत काही झालं तर?  उत्तर आतून आलं, खाटेवरून, दम लागत लागत. "जाऊ द्या माय त्यांना. हितं बसून काय माझं रगत धुणार हाय का? गाडी कुठं गेली तेवढं इचारून या म्हणा. मी कुठं न्हाई जात तवर."

माझी धाकटी बहीण कलकत्त्यात राहते, मेहुणे रेल्वेत आहेत. तिच्याकडे जायचं मी कितीतरी वर्षं टाळत होते. अप्पांना एकटं पाठवणं शक्य नव्हतं. मी दुकान बंद ठेवलं, मेहुण्यांना सांगून तिकिटं काढली आणि आम्ही निघालो. घाटनांदूरच्या स्टेशनावरून हैदराबाद, तिथून हावडा. कलावतीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. बाहेरचं काही खायला अप्पा तयार नव्हते.  वाटेत प्रत्येक मोठ्या स्टेशनवर मला फोन लावायला सांगायचे, काकू बऱ्या आहेत ना एवढं विचारायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे.

ग्रंथालयाचं आवार एवढं मोठं की फाटकापासून इमारतीपर्यंत चालताना अप्पा दोनदा बसले. जुनी झाडं, हिरवळ, लांबवर एका जुन्या लाटसाहेबाचा पांढरा महाल. पुस्तकं आता शेजारच्या नव्या इमारतीत असतात. दारात पिशव्या ठेवून घेतल्या. रखवालदारानं अप्पांच्या गळ्यातली डबी बघून विचारलं, यात काय. अप्पा म्हणाले, "देव हाय." त्याला मराठी येत नव्हतं, पण त्यानं हात जोडले आणि आत सोडलं.

पास करून घेतला, चिठ्ठी भरली, पुस्तक येईपर्यंत बसायला सांगितलं. आत काचेपलीकडे पुस्तकांच्या मांडण्या दिसत होत्या, एकामागं एक, शेवट दिसत नव्हता. अप्पा काचेला नाक लावून उभे राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एवढी रद्दी, आन कुणी फाडली न्हाई." हे त्यांनी ज्या आदरानं म्हटलं तसं मी त्यांना देवळातही बोलताना ऐकलेलं नाही.

पुस्तक आलं. बारीकसं होतं, मला वाटलं होतं त्याहून खूपच बारीक. त्याला पुठ्ठा होता, तो अप्पा आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. त्यावरून त्यांनी हात फिरवला. लिहिणारीचं नाव वाचलं. "बाईनं लिव्हलंय," ते म्हणाले. "म्हंजी ह्या बाईला ठाऊक आसंल." पानं उलटत उलटत ते त्या पानाशी आले. बाई, कुठं न्यायचं? तिथं थांबून त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं. "हिला हळद न्हाई," एवढंच म्हणाले आणि वाचायला लागले.

ओठ हलवत वाचायची त्यांची सवय मला ठाऊक होती. ती दुसरी सवय मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. त्यांनी पानाची एक बाजू वाचली, उलटून दुसरी वाचली, आणि डोळे पुढच्या पानावर गेले. तेव्हा मला दिसलं की त्यांचा उजवा अंगठा शिवणीवर आलाय आणि वरून खाली निघालाय, दाबत, सावकाश, जिऱ्याची पुडी बांधायला निघाल्यासारखा.

मी मनगट पकडलं. अप्पांनी दचकून आपल्याच हाताकडे बघितलं.  एकच प्रत. आयुष्यभर शोधली ती. त्यांनी तो हात मांडीखाली दाबून ठेवला आणि पुढं वाचायला लागले. पान संपलं तसा हात बाहेर आला आणि पुन्हा शिवणीकडे गेला. त्यांना पत्ताही नव्हता.

"मंगलबाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुमी ह्यो हात धरून बसा. ह्याला फकस्त दुकान ठाऊक हाय."

म्हणून मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत धरला आणि बसले. ते डाव्या हातानं पानं उलटत होते. प्रत्येक पान संपलं की माझ्या हातातला हात ओढ घ्यायचा, मासा गळाला लागावा तशी. मी घट्ट धरायची. पुस्तक आणून देणाऱ्या बाईंनी येऊन हिंदीत विचारलं, बाबांची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, एकदम. त्यांना काय समजावणार होते? त्या हसल्या आणि गेल्या. हात खडबडीत होता, बोटांना हळद आणि हिंग यांचा वास कायमचा. शेवटी शेवटी तो ओढ घेईनासा झाला. मला वाटलं दमला. वर बघितलं तर पुस्तक मिटलेलं होतं.

अप्पांनी ते परत दिलं. बाहेर हिरवळीवर बाकावर बसल्यावर बोलले.

"माघारी गेली."

"कुठं?"

"नवऱ्याच्या घरी. गाडीवानानंच समजावलं तिला. गेली, पाया पडली, त्यानं माफ केलं. मंग एक पान उपदेश हाय. संपलं."

 एक माळी पाइपनं पाणी घालत होता. मी म्हटलं, काकूंना हे सांगू नका. हैदराबादची खाणावळ सांगा, ती बरी आहे. अप्पांनी मान हलवली. "तिला कळतंय मी बनवलं की. आन आता तर मी कलकत्त्याला जाऊन आलेलो. आता खोटं कसं सांगू?"

मी व्यवहारी बाई. म्हटलं, मग पुरावा तरी घेऊन चला, नाहीतर खरं सांगूनही विश्वास ठेवणार नाहीत. परत आत गेले, अर्ज देऊन शेवटच्या पानांची झेरॉक्स काढून घेतली. प्रत माझ्या दुकानातल्यापेक्षा स्वच्छ होती, हे धंद्यातली म्हणून कबूल करते.

परतीच्या गाडीत अप्पांनी ते कागद शर्टाच्या आत, लिंगाच्या डबीजवळ ठेवले होते. दोन रात्रींच्या प्रवासात त्यांनी मला सुभद्रेचे निदान अर्धा डझन शेवट ऐकवले, तालीम म्हणून. प्रत्येक वेळी त्यांची नजर खिडकीच्या कडीवर जायची. तराजू नव्हता, म्हणून कडी. मी सांगितलं, जमणार नाही.

काकू त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत, आणि त्या गेल्यावर अप्पा लातूरला लेकीकडे गेले, तिथंच गेल्या वर्षी वारले. तिथं त्यांना भेटायला मी गेले होते. ते मला ओळखून हसले, पण त्या घरात दुकान नव्हतं, आणि दुकानाशिवाय अप्पा मला अप्पा वाटले नाहीत. म्हणून ती भेट मी शेवटची धरत नाही. आम्ही परत आलो ती सकाळ मी धरते.

स्टेशनावरून आम्ही थेट त्यांच्या घरी गेलो. काकू जाग्या होत्या, उशीला टेकवून बसवलेल्या. खूपच लहान झाल्या होत्या. कलावती चहा टाकायला आत गेली. मी दारातच उभी राहिले, पिशवी खांद्यावर तशीच.

काकूंनी प्रवासाचं विचारलं नाही, तब्येतीचं विचारलं नाही. "कुठं गेली गाडी?"

अप्पा खाटेच्या कडेला बसले. त्यांनी कागद काढले, चष्मा लावला आणि जे छापलं होतं ते वाचून दाखवलं. सगळं. गाडीवानाचं समजावणं, पाया पडणं, माफी, उपदेशाचं पानसुद्धा. मधे एकदाही वर बघितलं नाही. संपल्यावर कागद मांडीवर ठेवून ते तसेच राहिले, मार खायला बसल्यासारखे.

काकूंनी त्यांच्याकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "मी फाडलं तवा ती गाडीतच बसलेली हुती ना?"

"व्हय."

"मंग आपली सुभद्रा कावून माघारी जाईल? हिथवर तिला मी जाऊच दिलं न्हाई." त्यांनी त्या कागदांकडे बोट दाखवलं आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं जे मी तिथं कधी बघितलं नव्हतं, एखादं अवघड काम जमल्यावर येतं तसं. "म्हंजी बरंच केलं की मी."

अप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. आवाज येत नव्हता, नुसते खांदे हलत होते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी चष्मा वर करून पुसलं, तर सुतळी सुटली आणि काडी खाली पडली.

काकूंनी हात पुढं करून कागद घेतले. ते धरायलाही त्यांना जड जात होते.

"फाडू का?"

"फाड," अप्पा म्हणाले. "एक तिथं हायच."

त्यांच्या हातात तेवढं बळ नव्हतं. कागद नुसताच चुरगळला. तेव्हा अप्पांनी आपला उजवा हात त्यांच्या हातावर ठेवला, मी धरून ठेवलेला तोच हात, अंगठा घडीवरून वरून खाली दाबत नेला, आणि दोघांनी मिळून ओढलं. चर्र.

अर्ध्या पानाचा त्यांनी तिथंच शंकू केला. उठून दुकानात गेले, बरणीतली बडीशेप आणून त्यात घातली, टोक दुमडलं आणि मला दिली. म्हणाले, मंगलबाई, परवासात दमला, तोंडात टाका. मी ती घेतली आणि निघाले, कारण आठवडाभर बंद असलेलं दुकान उघडायचं होतं. शटर वर करत होते तेव्हा भिंतीपलीकडून पुन्हा आवाज आला, काकूंचा, आधीपेक्षा मोठा.

"फाडू का?"

"फाड."